भट्टीच्या भिंतीबाहेरची मोहफुलं

मोहफूल वाळलंय की ओलं आहे, हे माझे मामा मुठीनं ठरवत. गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली फुलं मुठीत घ्यायची, घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. फुलांचा लाडू तसाच राहिला तर माल ओला. फुलं सुटी होऊन तळहातावर पसरली तर घेण्याजोगा. ओला माल आला की मामा ओरडत नसत. नुसते भिंतीकडे बोट दाखवत. माणसं गोण्या तिकडे नेऊन भिंतीबाहेरच्या खडकाळ जागेवर फुलं पसरत आणि बसून राहत.

धुळ्याच्या पश्चिमेला, पांझरेच्या काठी ही दारूची भट्टी होती. कागदावर डिस्टिलरी, लोकांच्या तोंडी भट्टी. तिला दोन दारं होती. पुढचं रस्त्याकडे; त्यातून पिंपं बाहेर जात. मागचं नदीकडे, त्यातून फुलं आत येत. मागच्या दाराचा एक नियम जुन्या पारशी शेठच्या वेळेपासून चालत आला होता. फुलवाल्यांनी दार वाजवायचं नाही. जो वाजवील त्याची गाडी सगळ्यांच्या मागे. फूल वाळलं की कोठीवाला आपण होऊन बाहेर येईल, तोवर वाट बघायची. साक्री-पिंपळनेरकडच्या डोंगरांतली माणसं दर वैशाखात यायची आणि ती वाट बघण्यात इतकी तयार झाली होती की दोन-दोन दिवस भिंतीपलीकडे पन्नास माणसं असूनही आत आवाज येत नसे.

मामा तिथे कोठीवर होते, आणि मी मामांच्या घरी राहून मास्तरणीचा कोर्स करत होते.

माझं माहेर जळगावचं. वडिलांचा एक लहानसा छापखाना होता, पायानं चालवायच्या एका यंत्राचा. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून जीव धोक्यात घालायचा, असा त्यांचा धंदा. मी अक्षरं शिकले ती पाटीवर नव्हे, वाया गेलेल्या पत्रकांच्या पाठीवर. एका बाजूला माझं ग म भ न, दुसऱ्या बाजूला 'बंधूंनो, जागे व्हा'. बाराव्या वर्षी मला जुळारीची पेटी, म्हणजे टायपाचं कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे डोळे मिटून येत होतं. एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे मी ती किती ठळक छापली आहे यावरून ओळखायचे, आणि हे मला फार दिवस कळलं नाही.

धुळ्याला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी भट्टीविरुद्ध पत्रक लिहिलं. मला त्याची लाज नव्हती, आजही संपूर्ण नाही. शनिवारी पगार झाला की पुढच्या दारासमोर बायका येऊन उभ्या राहायच्या, नवऱ्याच्या हातातलं काही घरी पोचावं म्हणून. एकीच्या कपाळावर ओली जखम मी स्वतः पाहिली आहे. लढाईच्या काळात विलायती माल येईना, तेव्हा भट्टीनं मोहाच्याच दारूला जळक्या साखरेचा रंग दिला, हरणाचं चित्र असलेलं लेबल लावलं आणि तिला व्हिस्की म्हणून गोऱ्या शिपायांना विकलं. ती लेबलं छापायचं काम माझ्या वडिलांकडे आलं होतं. त्यांनी परत पाठवलं.

मामी मला यावरूनच टोमणे मारायची. तिचं माहेर खेड्यातलं, आणि चिडली की ती अहिराणीत यायची.

"भट्टीनी भाकर खास अन् भट्टीलेच शिव्या देस!"

"मामी, मी भाकरीला शिव्या देत नाही."

"तुना बापनी लेबलं छापी नई, मंग काय दारू बंद व्हयनी का? हरीणले दुसरानी रंगाडं!"

मामा हसत हसत आमटी भुरकायचे. त्यांनी उभ्या जन्मात दारू चाखली नव्हती. मी आणि वर्गातल्या चार मुली भट्टीच्या पुढच्या दारावर पत्रकं वाटायला उभ्या राहिलो, तेव्हा ते स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "एक मलाही द्या बाई. कोठीत वाचायला काही नसतं." वाचून झाल्यावर संध्याकाळी एवढंच म्हणाले, "फुलाबद्दल जे लिहिलंस ते कोणाला विचारून लिहिलंस?"

मी म्हणाले, "विचारायचं काय त्यात?"

मी लिहिलं होतं: 'पोट भरायला मोहफूल लागतं, ही भट्टीवाल्यांची थाप आहे. मोहफूल हे अन्न नव्हे. ती दारूच आहे, अजून पातळ न झालेली.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की वडिलांना कळवून मी ते सगळ्यात मोठ्या टायपात बसवून घेतलं होतं.

स्वातंत्र्य मिळून तीनच वर्षं होत होती. मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि भट्टी बंद झाली. माझ्या पत्रकानं नाही, सरकारच्या हुकमानं. पण त्या दिवशी मला दोन्ही एकच वाटलं. तांब्याच्या मोठ्या भांड्यांना लाखेची सीलं लागली. आंबवायचे हौद उपसून कोरडे केले. नदीकाठच्या त्या सगळ्या भागावर वर्षानुवर्षं बसलेला आंबूस-गोड वास आठवड्याभरात पातळ झाला. मी पेढे आणले. मामांनी एक पेढा घेतला. मामांना सीलांवर लक्ष ठेवायला काही महिने ठेवून घेतलं होतं, पुढचं ठाऊक नव्हतं.

"फूल वेचून झालं असेल आता डोंगरात," ते म्हणाले. "ते घेऊन लोक येतील."

"दवंडी पिटलीय. पेपरात आलंय. सरकार बघेल," मी म्हणाले.

वैशाखात नाशिकच्या कचेरीतून मामांना बोलावणं आलं. भट्टीतल्या माणसांचं पुढे काय करायचं, याची चौकशी होती. ते चार-पाच दिवसांसाठी गेले. त्यांच्या मागे पुढच्या दारावर खात्याचा एक शिपाई खुर्ची टाकून बसायचा. मागच्या दाराकडे कोणीच नव्हतं.

आमची शाळा तेव्हा सकाळची होती. मी नदीकाठच्या वाटेनं जायचे. मामा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टीच्या मागच्या भिंतीशी एक बैलगाडी सोडलेली दिसली. एक म्हातारी, एक तरुण आणि त्याची बायको. खडकावर मोहफुलं पसरली होती, पिवळट-तांबूस. म्हातारी वाकून हातानं फुलं पालथी करत होती. मी बघितलं आणि पुढे गेले. त्यांना सांगेल कोणीतरी, असं वाटलं. परत येतानाही ते तिघं तिथेच होते. पहिला दिवस. दुसऱ्या दिवशीही मी बघितलं आणि पुढे गेले. त्या दिवशी मला वर्गावर सरावाचा पाठ घ्यायचा होता. विषय नागरिकाची कर्तव्यं.

तिसऱ्या दिवशी मी थांबले.

"आजी, कशासाठी बसलात?"

म्हातारीनं मान वर केली. "फूल सुकाडी राहिनूत, माय."

"किती दिवस झाले?"

"तीन दिन व्हयनात. दादा बाहेर येत नई. फूल अजून वल्लं व्हई. त्याले आत बठी समजस." दादा म्हणजे माझे मामा.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दार उघडत नाही याचा त्यांनी एकच अर्थ लावला होता: आपलं फूल अजून नीट वाळलेलं नाही. म्हणून तीन दिवस, वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या खडकावर ते फुलं उलटीपालटी करत होते. दार वाजवायचं नाही हा नियम त्यांनी पाळला होता. पाण्याला नदीवर जायचं झालं तर एकानं दाराशी बसायचं, दादा बाहेर आला आणि आपण नाही असं नको, हेही ठरलेलं होतं. इतर गाड्या पिंपळनेरच्या बाजारातूनच बातमी कळून परत फिरल्या होत्या, हे मला नंतर समजलं. ही गाडी बैलांना पाणी मिळावं म्हणून नदीच्या पात्रातून आली होती. वाटेत त्यांना कोणी भेटलं नव्हतं.

"दादा गावाला गेलेत," मी म्हणाले. "मी त्यांची भाची."

म्हातारी एकदम उठली. "भाची का? मंग तू मूठ कर. तुले येत व्हई."

मी फुलं मुठीत घेऊन दाबली. ती सुटीसुद्धा झाली नाहीत, कुरकुरून चुरा झाली.

"वाळलीत," मी म्हणाले.

"देख!" ती मुलाकडे वळली. "मी म्हने ना, सुकनी शेत! तू म्हने आखो एक दिन." मग मला म्हणाली, "मंग उघड, माय."

मी त्यांना सांगितलं. भट्टी बंद झाली. आता उघडणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. दारूबंदी झाली, कायदा आला. मी पाठ घ्यावा तसं सावकाश, सोपं करून सांगितलं. मुलगा ऐकत होता. सून फुलांतले खडे वेचत राहिली.

"कोनी बंद करी?" म्हातारीनं विचारलं.

"सरकारनं." मग मला राहवेना. "आम्हीपण. आम्ही लिहिलं होतं, बंद करा म्हणून."

"तुम्ही लिखेल शे?"

"हो."

"मंग पुसी टाक," ती म्हणाली. सरळपणानं म्हणाली, जशी पाटीवरचं पुसायला सांगावं तशी. "लिखेल पुसता येस ना?"

 मुलगाच म्हणाला, "माय, ऱ्हाऊ दे. घर लई जाऊत. पानीना दिनमा खावाले व्हई."

मग मी विचारलं, आणि मला ते सहा महिने आधी विचारायला हवं होतं: हे तुम्ही खाता?

सून पहिल्यांदा बोलली. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं तेव्हा फुलं उकडून, नागलीच्या पिठात मिसळून खातात, म्हणाली. भट्टीला अर्धी द्यायची, अर्धी ठेवायची. या साली बहर चांगला म्हणून घरची अर्धी पण इथे आणली. त्याच्या बदल्यात नागली आणि मीठ घेऊन जायचं ठरलं होतं.

म्हणजे त्या गाडीत विकायचा माल होता तसं त्यांचं पावसाळ्यातलं जेवणही होतं. तेवढं परत डोंगरात पोचलं की झालं, असं मला वाटलं. मी म्हणाले, "आजच निघा."

पण उशीर झाला होता. पुढच्या दारावरच्या शिपायाला कोणीतरी सांगितलं असावं. तो जमादाराला घेऊन नदीच्या बाजूनं आला. जमादार जाडजूड, घामानं भिजलेला, आणि तसा वाईट माणूस नव्हता.

"हे कोणाचं फूल? परवाना कुठाय?"

परवाना म्हणजे काय हे त्या तिघांना माहीत नव्हतं. नव्या कायद्यानं परवान्याशिवाय मोहफूल जवळ बाळगणं आणि गाडीतून नेणं, दोन्ही गुन्हा झालं होतं. फूल जप्त होईल आणि मुलाला चौकीवर यावं लागेल, असं तो म्हणाला.

"म्हातारे, पावसाळ्यात घरी भट्टी लावायचा बेत आहे वाटतं?"

"भट्टी लावनी ऱ्हाती, तं आठेपावत कसाले येतूत?" म्हातारी म्हणाली. "तीन दिन बैल हाकीसन? तुम्हनं तोंड देखाले?"

जमादाराला हसू आलं. पण मुलाच्या दंडाला धरलेला हात त्यानं काढला नाही.

मी म्हणाले, "मी साहेबांकडे जाते. मी येईपर्यंत काही करू नका." त्यानं मान हलवली. माझ्या अंगावर शाळेची पांढरी साडी होती, त्यामुळे असेल.

दारूबंदी खात्याची कचेरी गावात होती. उन्हात चालत गेले. इन्स्पेक्टर तरुण होते, खादीतले. मला बघताच उठले.

"या बाई, बसा ना. तुम्हाला कोण ओळखत नाही?" त्यांनी टेबलावरच्या काचेकडे बोट केलं. काचेखाली माझं पत्रक होतं. त्यांना खरंच अभिमान वाटत होता.

मी सगळं सांगितलं. गाडी कशी आली, तीन दिवस कशी बसली. हे फूल दारूसाठी न्यायचं नाही, खायचं आहे, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग, अगदी संकोचानं, काचेवरून एका ओळीखाली बोट फिरवलं. मोठ्या टायपातली ओळ होती.

"तुम्हीच लिहिलंय, बाई. मोहफूल हे अन्न नव्हे."

"ते चुकीचं लिहिलंय. मला माहीत नव्हतं."

"असेल. पण मी माझ्या माणसांना हेच वाचून दाखवतो. सगळेच म्हणतात खायला पाहिजे. प्रत्येकाला सोडायचं ठरवलं तर कायदा कशाला?"

मी म्हणाले, मी अर्ज लिहून देते. ते म्हणाले, जरूर द्या, कलेक्टरसाहेबांकडे पाठवतो, महिना-दीड महिन्यात उत्तर येईल. तोवर माल ताब्यात ठेवायला जागा नाही, म्हणून नष्ट करायचा हुकूम आहे. मी वाद घातला. मला वाद घालता येतो, तेवढंच तर मला येतं. मी म्हणाले, राज्य बदललं ते गरिबाच्या घरातलं अन्न मातीत घालायला नव्हे. ते म्हणाले, "हे वाक्यसुद्धा चांगलं आहे, बाई." ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी देऊ केलं: एक पाटीभर फूल घरच्या खर्चासाठी म्हणून सोडतो, मुलावर खटला करत नाही, पंचनाम्यावर मात्र एका लिहित्यावाचत्या, प्रतिष्ठित माणसाची पंच म्हणून सही पाहिजे, म्हणजे प्रकरण आजच मिटेल. नाहीतर मुलाला आज रात्री कोठडीत आणि सोमवारी कोर्टात.

"तुम्हीच करा ना सही," ते म्हणाले.

मी परत नदीकाठी गेले तेव्हा जमादारानं भट्टीच्या आवारातला जुना खड्डा उघडून घेतला होता. मागचं दार उघडं होतं. म्हातारी उठून पदर सावरून उभी राहिली होती, तिला वाटलं मी काम करून आले. मी तिला सांगितलं. पोरगा सुटेल, एक पाटी घेऊन जा, बाकीचं राहणार नाही.  तिनं मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग पाटी मोठी ले."

पाटी मोठी नव्हती. सुनेनं ती भरली, गुडघ्यानं दाबली, पुन्हा भरली, पुन्हा दाबली.

"ए, दाबू नको," शिपाई म्हणाला.

"दाबू दे रे," जमादार म्हणाला आणि तोंड फिरवून विडी पेटवत राहिला. त्या दिवशी त्या बाईला कोणी काही दिलं असेल तर ते हेच.

बाकीच्या गोण्या मुलाकडूनच दारातून आत नेल्या. तीच वाट होती, दर वर्षीची. त्यानं एकेक गोणी खड्ड्यात उलटी केली. वरून पाणी आणि फिनेल ओतलं. इतकी कोरडी फुलं होती की पाणी पडताच चटचट आवाज झाला आणि ती फुगायला लागली. म्हातारी खड्ड्याच्या काठावर बसून बघत होती. मी तिच्या शेजारी उभी होते.

जमादारानं कागद पुढे केला. मी सही केली. आयुष्यात माझ्या हाती आलेला प्रत्येक छापील-लेखी कागद मी वाचला आहे, किराण्याच्या पुड्यासुद्धा. तो वाचला नाही. मुलाला सोडतात ना, एवढंच बघत होते. मुलानं खाली अंगठा उठवला. ऊन उतरायच्या आत ते नदीच्या पात्रातून निघाले. सून गाडीत पाटी मांडीवर घेऊन बसली होती, म्हातारी गाडीच्या मागून चालत होती.

मामा परत आले त्या दिवशी मामीनं त्यांना सगळं सांगितलं. ते मला रागावतील असं वाटलं होतं, बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "फूल कसं होतं?" मी सांगितलं. "चांगलं असणार," ते म्हणाले. "ती बाई दर साली नीट वाळवून आणायची. तिला मी कधी थांबवलं नाही." आणि ते हात धुवायला उठले.

मी दुसरं पत्रक लिहिलं. दारूबंदी चुकली असं मी त्यात म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. एवढंच लिहिलं की मोहफूल हे अन्न आहे, आधी मी खोटं छापलं होतं, आणि डोंगरातल्या माणसांना त्यांचं फूल घरी ठेवू द्या. वडिलांनी जुळणी करताना विचारलं, "चूक कबूल करायची ती ओळ कोणत्या टायपात?" मी म्हणाले, पहिली ज्या टायपात होती त्याच. ते पत्रक आम्ही धुळ्यात वाटलं, जळगावात वाटलं. पहिल्या पत्रकाच्या वेळी ज्यांनी माझी पाठ थोपटली होती, त्यांच्यातल्या एकानं दुसरं पत्रक वाचून विचारलं, "भट्टीवाल्यांनी काही पोचवलं वाटतं?" बाकीच्यांनी वाचलं नाही. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वाचता येत नव्हतं.

कलेक्टर कचेरीतून माझ्या अर्जाला उत्तर आलं ते श्रावण संपल्यावर. विषयाची योग्य ती नोंद घेतली आहे, असं होतं.

त्यानंतरच्या सुटीत मी पिंपळनेरच्या बाजाराला गेले. तिथून डोंगरात कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. तीन माणसांसमोर मी अर्धा दिवस काढला होता. त्यांना नाव, गाव, पाडा काहीच विचारलं नव्हतं. मामाही तिला तिच्या फुलावरूनच ओळखत; कोठीच्या वहीत गोण्या लिहीत, नावं नाही. मीठ विकणाऱ्या एका बाईला मी म्हातारीचं वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "अशा बठ्ठ्याच शेत, माय." म्हणजे सगळ्याच अशा.

नाव-गाव पंचनाम्यात होतं. मीच सही केलेल्या कागदात. म्हणून मी कचेरीत नकलेसाठी अर्ज केला. तरुण इन्स्पेक्टर बदलून गेले होते. नवीन कारकुनानं अर्ज उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "आपला या प्रकरणाशी संबंध काय?"

"मी पंच होते."

"पंचाला नक्कल मिळत नाही. आरोपीला मिळते. त्याला अर्ज करायला सांगा."

आता भट्टीच्या जागी सरकीचं गोदाम आहे. तांब्याची भांडी कधीच वजनावर विकली गेली. मामा निवृत्त होऊन गावी गेले, मी तालुक्याच्या शाळेत शिकवते, आणि नवीन राज्य होणार म्हणून पुन्हा पत्रकं लिहिते. दर वर्षी शाळेला सुटी लागली की मी धुळ्याला जाऊन तो नकलेचा अर्ज नव्यानं देते. मागच्या वर्षी कारकून म्हणाला, इतकी जुनी कागदं आता नाशिकला गेली असतील, नाहीतर फाडली असतील. तिकडे लिहून बघा. मी लिहिलं आहे. त्या पावसाळ्यात त्या घरानं काय खाल्लं, हे मला अजून ठाऊक नाही.